रफार

गल्लीत तिला ठिणगी म्हणत. तोंडावर मात्र सगळे पेंटरबाईच म्हणत, कारण तोंडावर ठिणगी म्हणणाऱ्याची खैर नव्हती. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या पाट्या हाताने रंगवणं हा तिचा धंदा. त्या भागात हाताने रंगवणारी ती एकटीच उरली होती. बाकीच्यांनी यंत्रं घेतली होती आणि प्लास्टिकची अक्षरं कापून चिकटवायला लागले होते. ठिणगीच्या मते ती अक्षरं नव्हतीच, नुसते स्टिकर होते, आणि असलं काही चिकटवणाऱ्याने स्वतःला पेंटर म्हणवून घेऊ नये, हे ती त्यांच्याच दुकानात जाऊन सांगून आली होती.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे. त्यातून चुकलेला शब्द दिसला की मग बघायलाच नको. एकदा एक हार्डवेअरवाला दुकानाचं नाव 'आर्शिवाद' असं कागदावर लिहून घेऊन आला. ती म्हणाली, "रफार 'शी'वर नसतो, 'वा'वर असतो. आशीर्वाद." तो म्हणाला, "अहो बाई, सगळे असंच लिहितात." "सगळे खड्ड्यात उड्या मारतील, मीही मारू?" गिऱ्हाईक गेलं. त्याची चुकीची पाटी दुसऱ्या कुणीतरी चिकटवून दिली, आणि पुढे कित्येक दिवस ठिणगी त्या रस्त्याने जाताना पलीकडच्या बाजूने मान फिरवून चालायची. तिचं म्हणणं एकच होतं. बोलताना माणूस काहीही बरळतो, ते वाऱ्यावर जातं. लिहिताना मात्र तो विचार करतो, म्हणून लिहिलेलं ते खरं.

तिचा धाकटा भाऊ नेमका उलटा. तो मालट्रक चालवायचा, आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा, आणि कुठलाही राग त्याच्या अंगाला चिकटत नसे. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. हिला कुणी झेललं नसतं आणि तो कुणाला घरी सापडला नसता, असं त्यांची आईच म्हणायची. आई ठिणगीजवळ राहायची. उभ्या आयुष्यात तिने गाद्या शिवल्या, त्यावर दोन्ही पोरांना शाळेत घातलं, आणि स्वतः मात्र एक अक्षर शिकली नाही.

धाकट्याचा फोनवर भारी जीव. पण चित्रफिती बघत लोळणाऱ्यांतला तो नव्हता. "फोन म्हणजे हत्यार आहे, ताई, पान्यासारखं," असं तो म्हणायचा. इंजिनातून वेगळा आवाज यायला लागला की तो आवाज रेकॉर्ड करून मिस्त्रीला पाठवायचा, आणि काय बिघडलंय ते मिस्त्री तिकडून सांगायचा. कुठला पूल बंद आहे, कुठे पाऊस पडतोय, परतताना माल कुठे मिळेल, हे सगळं त्याला गाडीत बसून कळे. आईच्या गोळ्यांची वेळ झाली की ठिणगीचा फोन वाजायचा, तेही त्यानेच लावून दिलेलं होतं.

तो फोनसुद्धा त्यानेच तिच्या गळ्यात मारला होता. "मला नको तुझं खेळणं," म्हणून आधी तिने तो रंगांच्या डब्यांमागे टाकून दिला. मग एकदा तो घरी आला असताना त्याने दाखवलं की फोन पाटीवर आडवा टेकवला की पाटी सरळ बसली की नाही ते कळतं. रेघ हिरवी झाली की सरळ. ठिणगी चक्क गप्प बसली. त्यानंतर ती भिंतीचा फोटो काढून त्यावर बोटाने अक्षरं मांडून बघायला लागली, गिऱ्हाइकाला जागच्या जागी दाखवायला लागली, रंगाचा पहिला हात वाळला की फोनने हाक मारावी म्हणून वेळ लावायला लागली. काम भराभर उरकायला लागलं. आपल्याला हे आवडतंय याचाही तिला राग यायचा.

धाकट्याने नियम घालून दिले होते. काम चालू असताना फोन करायचा नाही, मेसेज लिहायचा, आणि तोही थोडक्यात. "मी गाडी चालवत असतो, ताई. तुझे निबंध कुठे वाचत बसू?" तो स्वतः तर लिहीतच नसे. फोन समोर काचेजवळ अडकवलेला असायचा. तो बोलायचा आणि फोन त्याचं बोलणं अक्षरांत उतरवायचा. तेही तुकड्यातुकड्यांनी. दोन शब्द पाठवले, गिअर बदलला, मग पुढचे. शेवटचा धडा होता तो कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणून पिडणाऱ्यांचा. "हे बघ, इथे दाबायचं. झाला ब्लॉक. त्याचा फोन येत नाही, मेसेज येत नाही, काम करताना डोक्याला ताप नाही." हा धडा ठिणगीला सगळ्यांत आवडला. त्याच संध्याकाळी तिने अर्ध्या जगाला ब्लॉक करून टाकलं.

आणि मग एके दुपारी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो बघितले, आईची छाती तपासली आणि ठिणगीला बाजूला घेऊन सांगितलं, "परवा सकाळी ऑपरेशन करू. वय झालंय, हृदय थोडं कमजोर आहे. धोका नाही असं मी म्हणणार नाही. जवळच्या माणसांना बोलावून घ्या." आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती काही दुधखुळी नव्हती. तिने ठिणगीचा हात धरला. "धाकट्याला बोलाव. मला आत नेतील त्याच्या आधी एकदा त्याला बघू दे. एवढंच कर."

ठिणगी बाहेर व्हरांड्यात आली. भिंतीला टेकून तिने नियमाप्रमाणे थोडक्यात लिहिलं. 'आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. परवा ऑपरेशन. येतोस ना?'

उत्तर लगेच आलं.

'पर्वा नाही'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'वा'वर रफार होता, चांगला ठसठशीत. पर्वा नाही. आई पडली, आईचं हाड मोडलं, आणि याला पर्वा नाही! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर त्याच्या नावाखाली 'टाइप करत आहे' अशी अक्षरं हलत होती. आता आणखी काय लिहिणार होता हा? काय उरलं होतं लिहायचं? आईच्या रात्रीअपरात्रीच्या खोकल्याला कोण उठलं? तिला आंघोळ कुणी घातली, तिच्या गुडघ्यांना तेल कुणी चोळलं? हा यायचा पाहुण्यासारखा, आईच्या गालाला हात लावून दोन गोड शब्द बोलायचा आणि चालता व्हायचा, आणि आई पुढचे कित्येक दिवस त्या दोन शब्दांवर खूश. बरं झालं, एकदा तरी पोटातलं ओठावर आलं. ती अक्षरं हलायची थांबेपर्यंतही तिने वाट बघितली नाही. त्यानेच शिकवलं होतं तिथे तिने दाबलं, आणि साधा फोन येतो तिथेही दाबलं. धाकटा बंद झाला.

आत आई दाराकडे डोळे लावून पडली होती. "काय म्हणाला?"

इथे ठिणगीने जीभ आवरायला हवी होती. पण जीभ आवरली असती तर तिला ठिणगी कोण म्हणालं असतं? "तुझा लाडका म्हणतोय, पर्वा नाही," ती म्हणाली.

आईचा चेहरा एकदम उजळला. "परवा नाही? म्हणजे उद्याच पोचतोय. वाटलंच मला."

"आई, परवा नाही. पर्वा!"

"तेच म्हणतेय मी. परवा नाही, उद्या."

"अगं, त्यावर रफार आहे! परवा म्हणजे तो दिवस. हे पर्वा आहे. पर्वा म्हणजे फिकीर. त्याला तुझी फिकीर नाही, असं लिहिलंय त्याने. स्वतः लिहिलंय."

आई विचारात पडली. मग म्हणाली, "मला तर दोन्ही सारखंच ऐकू आलं."

"कारण तुला वाचता येत नाही!"

हे इतक्या मोठ्याने निघालं की आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. आईने डोळे मिटून घेतले. दुखत असावं, किंवा लागलं असावं. "नाही येत," ती म्हणाली. "पण त्याला बोलायला मी शिकवलंय. तो असं बोलायचा नाही. तू त्याला परत विचार."

"मी नाही विचारणार."

"मग मला लावून दे फोन. मी विचारते."

"आई, तू गप्प पड बघू. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय." डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर फेरीवर आले. दुसऱ्या एका पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं, त्याला ताप भरला होता. "तुमच्या आईंना आम्ही उद्या सकाळीच घेतो," ते म्हणाले. "जितकं लवकर तितकं बरं."

ठिणगी फोन घेऊन पुन्हा व्हरांड्यात गेली. धाकट्याचं नाव काढलं. एकदा दाबलं असतं तर तो पुन्हा चालू झाला असता. 'उद्या सकाळी' एवढे दोनच शब्द लिहायचे होते. नियमात बसणारे, थोडक्यातले. आई म्हणते तसं असलं तर? हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण तो विचार खरा मानायचा तर आपण चुकलो हे मानावं लागलं असतं, आणि अक्षर वाचण्यात ठिणगी चुकली असं आजवर कुणाच्या बापाची म्हणायची हिंमत झाली नव्हती. ज्याला परवाची फिकीर नाही त्याला उद्याची कशाला, असं म्हणून तिने फोन पिशवीत टाकला.

रागाच्या भरात माणूस एखाद्याला ब्लॉक करतो, ते समजू शकतं. पण हे रागाच्या भरातलं नव्हतं. हे तिने थंड डोक्याने, नाव समोर ठेवून केलं, आणि त्याला माफी नाही. निदान सांगणाऱ्याकडे तरी नाही.

सकाळी आईला स्ट्रेचरवर घेतलं. लिफ्टपाशी, वळणावर, थिएटरच्या दारापाशी, ती प्रत्येक वेळी मान उचलून मागे बघत होती. नर्स म्हणाली, "आजी, मान खाली ठेवा." आईने ठिणगीला विचारलं, "आला का गं?" ठिणगीने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग आईच म्हणाली, "गाडी लावत असेल. एवढी मोठी गाडी, जागा मिळायला नको?" दार बंद झालं.

ठिणगी बाकावर बसली. बराच वेळ गेला असेल. जिन्यावरून कुणीतरी धावत येत असल्याचा आवाज आला आणि धाकटा व्हरांड्यात उभा राहिला. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, डोळे तांबारलेले. आयुष्यात कधी चढा आवाज न काढलेला माणूस, पण त्या व्हरांड्यात तो असा ओरडला की नर्स खोलीबाहेर आली.

"फोन का बंद केलास तू?"

"ओरडू नकोस. दवाखाना आहे हा."

"कुठला दवाखाना, ते लिहिलं होतंस? घराला कुलूप, दुकानाला कुलूप, शेजाऱ्यांची दारं बंद. फोन लावतोय तर लागत नाही. माल वाटेत दुसऱ्याच्या गाडीवर चढवला, गाडी मालकाच्या गोदामात टाकली आणि आलो. पहाटेपासून नकाशावर दिसेल त्या दवाखान्यात शिरतोय आणि आईचं नाव घेऊन विचारतोय! काही झालंय का तिला? नीट सांग मला!"

"आता बरी आठवली आई," ठिणगी उठून उभी राहिली. तिलाही आता मागे हटायचं नव्हतं. "तुला तर पर्वा नव्हती ना?" आणि तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने वाचलं. त्याला काही कळेना. "हो, परवा नाही म्हणालो. परवापर्यंत कशाला थांबू? उद्याच पोचतो, कुठला दवाखाना ते कळव, असं पुढे म्हणालो की."

"नीट बघ काय लिहिलंयस. रफार बघ."

"मी कुठे लिहिलं? मी बोललो." त्याने स्वतःचा फोन काढला, तोंडापाशी धरला आणि एकेक शब्द तोडून म्हणाला, "परवा नाही."

फोनच्या काचेवर अक्षरं उमटली. पर्वा नाही. 'वा'वर रफार, ठसठशीत. त्याच्या वरती कालचे त्याचे मेसेज ओळीने पडलेले होते, एकही न पोचलेला. 'उद्याच पोचतो.' 'कुठला दवाखाना?' 'ताई?' 'ताई फोन घे.' 'आई बरी आहे ना?'

ठिणगीने ते सगळे वाचले. मग तिला तोंड फुटलं. "आग लागो या यंत्राला! साधं दोन अक्षरांचं कळत नाही, आणि जगाचा कारभार करायला निघालंय! दगडावर आपटायला हवं..." तिने हात उगारलाही. धाकट्याने तिचं मनगट धरलं.

"फोनला शिव्या देऊ नकोस," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "त्याला काय माहीत मी कोण आहे? तुला तर माहीत होतं ना?"

ठिणगीकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर असायचं. गिऱ्हाइकाला, डॉक्टरला, पोलिसाला. हिने बोलून कुणाला हरवलं नाही असं त्या भागात कुणी नव्हतं. या वेळी तिने नुसता फोन पिशवीत टाकला.

"आई कुठे आहे?" त्याने विचारलं.

"आत."

"आत म्हणजे? उद्या होतं ना?"

"आज घेतलं."

"कधी ठरलं?"

"काल संध्याकाळी."

त्याने तिच्याकडे बघितलं. तो हिशेब मनातल्या मनात जुळवतोय हे तिला दिसत होतं. काल संध्याकाळी तिने कळवलं असतं तर पहाटे तो सरळ इथे आला असता. "मला बघायचं म्हणाली होती का ती?"

"हो."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्याने तिला शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता थिएटरच्या दाराकडे बघत बसला. ठिणगीला त्याचा राग आला, मग आपला आला, आणि तो आपला राग कुणावर काढायचा हे तिला कळेना, कारण समोर कुणीच नव्हतं.

दुपारी दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, हाड बसवलंय, सोसलं त्यांनी, आता जपा. आईला खाटेवर आणलं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. पुष्कळ वेळाने तिने डोळे उघडले आणि तिला पायथ्याशी धाकटा दिसला.

"कधी आलास रे?"

ठिणगी खाटेपासून एक पाऊल मागे सरली. सांगू दे आता. ताईने फोन बंद केला, ताईने कळवलं नाही, सगळं सांगू दे.

"सकाळीच आलो की," धाकटा म्हणाला. "तुला आत नेत होते तेव्हा. तू बघितलंस मला, हात केलास. इंजेक्शन दिलं होतं ना, म्हणून आठवत नाही तुला."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच ठिणगीकडे मान वळवली. या मुलाच्या गोड बोलण्याचा तिला जन्माचा अनुभव होता. ही मुलगी मात्र कुणाला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलली नव्हती.

"खरं का गं?"

"हो," ठिणगी म्हणाली. "आला होता."

"मग काय म्हणाला मला?"

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. तो काही मदत करणार नव्हता. काल याच खाटेपाशी उभी राहून तिने त्याचे शब्द म्हणून आईला काय ऐकवलं होतं, ते आजूबाजूच्या खाटांवरच्यांनाही माहीत होतं. आता तिला त्याचे शब्द स्वतःच बनवायचे होते, आणि ते त्याच्यासारखे वाटायला हवे होते.

"म्हणाला," ती म्हणाली आणि थांबली. "म्हणाला, घाबरू नकोस आई, ताई आहे ना तुझ्याजवळ."

आईचा हात चादरीवरून सरकत ठिणगीच्या हातापर्यंत आला, रंगाच्या डागांनी भरलेल्या बोटांवर थांबला.

"असंच म्हणाला असेल," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

ठिणगीला तो 'असेल' नीट ऐकू आला. ती आईचा हात धरून तशीच उभी राहिली, आणि बराच वेळ तिला धाकट्याकडे बघायची हिंमत झाली नाही.